आत्यांनी कामाला लावलेली माणसं

आमच्या ह्यांच्या आत्यांच्या तावडीत रिकामा माणूस सापडला आणि तसाच रिकामा घरी गेला, असं भांडुपच्या आमच्या चर्चमध्ये आजवर झालेलं नाही. लोक चर्चमध्ये प्रार्थनेला येतात ही पाळकसाहेबांची समजूत. आत्यांच्या मते ते कामाला येतात आणि मधल्या वेळात प्रार्थना करतात. कमिटीत त्या कधीच नव्हत्या, पण त्यांना येताना बघून कमिटीतली माणसं खुर्च्या उचलायला लागत. माणसातला गुण हेरणारे पुष्कळ असतात, आत्या दोष हेरतात आणि त्यालाच कामाला जुंपतात. माझा आवाज मोठा. वाकोल्याला माहेरी आई सारखी म्हणायची, हळू बोल, सासरचे काय म्हणतील. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात आत्यांनी मी सगळ्यांना केलेला नुसता 'सलाम' ऐकला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, आता पोरं ऐकतील." हातावरची हळद उतरायच्या आत माझ्या गळ्यात संडे स्कूल पडलं, ते आजतागायत आहे.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर रविवारी माइक खरखरतो म्हणून कुरकुरायचे. आत्यांनी माइकच त्यांच्या ताब्यात दिला. खरखर अजून तशीच आहे, तक्रार मात्र बंद झाली. आमच्या शेजारचे मालवणी काका नाताळच्या जेवणाला पाहुणे म्हणून आले होते, तर आत्यांनी त्यांना पुलावाचे कांदे चिरायला बसवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या नाताळला काका घरून स्वतःची सुरी घेऊन आले. 'मला जमणार नाही, दुसरं कुणी बघा' हे वाक्य आत्यांना ऐकूच येत नसे. आणि सुहास! हा आमच्यातला एक तरुण इंजिनीअर, बोलताना फार अडखळायचा, म्हणून मागच्या बाकावर गप्प बसायचा. त्याला आत्यांनी शास्त्रपाठ वाचायला उभं केलं. पवित्र शास्त्र, भरलेलं चर्च आणि हा पहिल्याच शब्दावर अडलेला. लोक माना खाली घालून बसले. आत्या पहिल्या बाकावर त्याच्याकडे बघत, जणू आपल्याला कुठेच जायचं नाही अशा बसून राहिल्या. शब्द सुटला की मान हलवायच्या, अडला की थांबायच्या. पाठ इतका लांबला की पाळकसाहेबांना प्रवचन आवरतं घ्यावं लागलं, आणि त्याबद्दल काहींनी सुहासचे मनापासून आभार मानले. तेव्हापासून तो वाचतोच आहे. पाठ संपला की प्रवचन सुरू व्हायच्या आत आत्या उठायच्या आणि मागच्या खोलीत चहा ठेवायला जायच्या.

मग आत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन त्या घरात हिंडू लागल्या, दाराशी भाजीवाल्याशी हुज्जत घालू लागल्या, पण चर्चला येईनात. मी रिक्षा घेऊन गेले तरी नाही म्हणाल्या. पाळकसाहेब स्वतः गेले, तर त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "चर्चमधलं चहाचं भांडं उचलवत नाही मला. नुसती बसायला येऊ? बसायला घर आहे." पाळकसाहेबांनी देवाच्या घरात सगळ्यांना जागा असते वगैरे सांगून पाहिलं. आत्यांनी मान डोलावली आणि आल्या नाहीत. आम्हाला धाकधूक लागली, कारण घरात अशी बसलेली म्हातारी माणसं हळूहळू बसूनच जातात. शेवटी एका शनिवारी आम्ही सगळे त्यांच्या दोन खोल्यांत जाऊन थडकलो. बँकवाल्यांनी उपदेश केला, मी आवाज चढवला, काकांनी मालवणीत दटावलं. आत्या प्रत्येकाला म्हणाल्या, "मला नाही जमणार रे आता. दुसरं कुणी बघा."

सुहासनं तोंड उघडलं आणि तो अडला. आम्ही कुणीही त्याचा शब्द पुरा केला नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आत्या, वाचताना मी तुमच्याकडे बघतो. तुम्ही नसलात, तर आता बघू कुणाकडे?"

आत्यांनी मला कपाटातली पांढरी साडी काढून इस्त्रीला द्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि पहिल्या बाकावर शेवटपर्यंत बसल्या. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "पाळकसाहेब बरं बोलतात गं. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही मला."

आता दर रविवारी येतात. परवा एक नवीन बाई आली, मुलुंडहून इकडे राहायला आलेली. नवरा नुकताच गेला होता, हे तिनं दारातच सांगितलं. आत्यांच्या तालमीत तयार झालेली मी, तिच्या हातात वाटायला गाण्याच्या पुस्तकांचा गठ्ठा द्यायला निघाले. आत्यांनी माझा पदर धरला. "राहू दे तिला," त्या म्हणाल्या, "आज नुसती बसू दे." आणि स्वतः सरकून त्यांनी तिला बाकावर जागा करून दिली.

ती बाई बसली आणि रडली, आत्या तिचा हात धरून बसून राहिल्या. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण आत्यांनी कुणाला तरी काम नको म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. पुस्तकं वाटताना मी सारखी मागे वळून त्यांच्याकडे बघत होते. त्या किती म्हाताऱ्या झाल्यात, हे मला त्या दिवशी दिसलं.