चाकामागचा दगड

सन अठराशे चौसष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आज सुनेनं अंगणात मोहफुलं वाळत घातली आणि त्या गोड, उग्र वासानं तो घाट आठवला.

कापसाच्या तेजीत आम्ही वलगावच्या पाच दोस्तांनी नव्या रेंग्या घेतल्या होत्या, हलक्या, बसायच्या बैलगाड्या. फाल्गुनात बायकांना बसवून डोंगरातल्या जत्रेला निघालो. दोन्ही अंगांना पळस लाल झालेला, मोहाचा हाच वास. चढ लागला तसा त्या दोस्तांपैकी करीम आपली बैलजोडी सोडून माझ्या रेंगीपुढं लावायला आला.

"माह्या बैलायले कोनाची मदत लागत नाही," मी म्हणालो.

अर्ध्या चढावर बैल दमले, रेंगी मागं सरकली. बाजूला दरी. मी कासरा ओढून ओरडलो, आणि रेंगी थांबली. पुढं बैल कितीदा थांबले, पण ती मागं आली नाही. मनात म्हटलं, बैल माझेच!

वर पोचून मागं पाहिलं. बायको कधी उतरली, मला कळलंच नव्हतं. हातात दगड, तळवे सोललेले. दर वेळी तिनंच तो चाकामागं लावला होता.

"सांगतलं काहून नाही?"

"तुमी आयकलं असतं काय?"

लग्नाला वर्ष झालं होतं, पण चारचौघांत ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

करीम हसला, "बैल नाही, वहिनी भारी हाय!"

तेव्हा मला त्या हसण्याचा राग आला. आता फक्त ते तळवे दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा चढ होता. मी तिला रेंगीत बसवलं, दगड तिच्या हातातून काढून घेतला आणि करीमकडं जाऊन म्हणालो, "तुही जोडी दे रे."