मी रजा सोडली ते वर्ष

ऑक्टोबरमध्ये आमची कंपनी वर, बर्फातल्या पोस्टवर चढली. मी फौजेत सिग्नलचा हवालदार, काम रेडिओवरचं. पोस्टवर आम्ही तेवीस जण, दोन बंकर, एक रेडिओ सेट आणि एक सॅटेलाइट फोन. पोस्ट कमांडर सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन मोर्चावर, सात वाजता रेडिओ चेक, मग दर तासाला एक कॉल. सेटवर माझ्याशिवाय एकच ऑपरेटर होता, नाईक दत्ता. तो अंबाजोगाईकडचा, मी नेकनूरजवळचा. एका जिल्ह्याचे म्हणून तो मला दादा म्हणायचा.

गावाकडे सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. घरी आई, बायको शोभा आणि तीन वर्षांची मुलगी सुजाता. शोभा दहावी पास. गावातल्या दूध सोसायटीत ती टेस्टर होती. दूध मापायचं, फॅट काढायची, कॅन सील करून गाडीत चढवून द्यायचे. आमच्या बौद्ध वस्तीतली बाई दुधाला हात लावणार म्हणून आधी दोन-चार घरांनी कुरकुर केली. फॅट बरोबर निघायला लागल्यावर कुरकुर थांबली. सकाळी सहा ते साडेआठ सोसायटी, मग टँकरचं पाणी, मग स्वयंपाक, संध्याकाळी पुन्हा सोसायटी. तिची ड्यूटी माझ्याहून मोठी होती. मला निदान बदली ऑपरेटर होता.

रविवारी दहानंतर प्रत्येकाला तीन मिनिटं फोन मिळायचा. शोभा सोसायटीच्या ऑफिसातल्या फोनपाशी सुजाताला घेऊन बसून राहायची. पहिल्या महिन्यात आमची तिन्ही मिनिटं पाणी, चारा आणि आईचे गुडघे यातच गेली. फोन ठेवला की दिवसभर कशात मन लागत नसे. मग तिनेच एक नियम काढला.

"पहिलं मिनिट अडचनीचं न्हाई. काय चांगलं झालं तेवढंच बोलायचं."

मला रिपोर्ट द्यायची सवय होती, पण चांगल्याचा रिपोर्ट कधी दिला नव्हता. मी आठवडाभर शोधू लागलो. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीत बुखारीच्या, म्हणजे बंकरातल्या शेगडीच्या उबेला कोथिंबीर लावली. ती बोटभर उगवली ते एका रविवारी सांगितलं. सुभेदार साहेबांनी तिची दोन पानं डाळीवर टाकून डोळे मिटून खाल्ली, ते पुढच्या रविवारी. तिकडून शोभा सांगायची. म्हैस चारा छावणीतून दावं तोडून एकटी घरी आली. सुजाता दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला सॅल्यूट ठोकते, आणि तो गाडी थांबवून उलट ठोकतो. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

मार्चमध्ये रजेची यादी लागली. माझं नाव पहिलं होतं. दत्ताचं लग्न ठरलेलं, पण त्याचं नाव नव्हतं. दोन ऑपरेटरांपैकी एकालाच जाता येणार होतं. मी सुभेदार साहेबांकडे गेलो आणि माझी रजा दत्ताला द्या म्हणालो. सगळ्या पोस्टने पाठ थोपटली.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मागच्या रजेत मी रोज पाणी वाहिलं होतं. घागरी घेऊन उन्हात उभा असताना मला वाटलं होतं, यापेक्षा पोस्ट बरी. वर बर्फ वितळवला की पाणी होतं. मला घरी जायचं नव्हतं, एवढंच खरं.

शोभाला मी सांगितलं की साहेबांनी सोडलं नाही.

"असू द्या," ती म्हणाली. "तुमचं बी कामच हाय."

मार्चअखेर दत्ता खाली उतरला. सेटवर मी एकटा राहिलो.

एप्रिलमधला बुधवार. वेळ अकरा वाजून चाळीस मिनिटं. नेहमीच्या कॉलची वेळ नव्हती. बेसला नवा ऑपरेटर आला होता. तो मला आवाजावरून ओळखत नव्हता.

"चार्ली टू, तुमच्यासाठी मेसेज. लिहून घ्या. ओव्हर."

"पाठवा. ओव्हर."

तो वाचत गेला, मी लिहीत गेलो. नंबर लिहिला, रँक लिहिली. नंबर माझाच आहे हे नाव येईपर्यंत लक्षात आलं नाही. हवालदार वाघमारे यांची पत्नी आज सकाळी गावातील विहिरीत पडून मृत. संबंधिताला कळवावे.

"रीड बॅक करा. ओव्हर."

मिळालेला मेसेज शब्द न् शब्द परत वाचून दाखवायचा, असा नियम आहे. मी वाचला. एका ठिकाणी आवाज गेला.

"तो शब्द पुन्हा. ओव्हर."

"पत्नी. ओव्हर."

"बरोबर. हवालदाराला लगेच कळवा. ओव्हर."

"कळवलं. आउट."

मी वेळ टाकली, सही केली आणि कागद सुभेदार साहेबांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला बसायला सांगितलं. मी म्हणालो, बाराचा कॉल राहिलाय. तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरचा हेडसेट स्वतःच्या हाताने काढला.

बर्फाने वाट बंद होती. दोन दिवस मी पोस्टवरच बसून होतो. वाट उघडल्यावर बदली ऑपरेटर वर आला. मग पायी बेस, ट्रक, रेल्वे, औरंगाबादहून बीडची एसटी, बीडहून नेकनूर. घरी पोचलो तो सातवा दिवस होता. दहन दुसऱ्याच दिवशी उरकलं होतं.

काय झालं ते शेजारणीने सांगितलं. टँकर आला की विहिरीत पाणी सोडायचा आणि बायका कडेला उभ्या राहून दोरीने शेंदायच्या. एका बाजूचा कठडा पडलेला होता. आमच्या वस्तीच्या बायका त्याच बाजूला उभ्या राहत. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण चांगल्या बाजूला गेलं की घागर पायाने सरकवली जायची. कॅन चढवून शोभा उशिरा पोचली. पाणी सरत आलं होतं. मागून रेटा आला आणि पायाखालची माती सुटली. विहिरीत पाणी कमरेएवढंसुद्धा नव्हतं. खाली खडक होता.

आईने मला तांब्या दिला. सकाळपासून मी काही प्यालो नव्हतो. तांब्या रिकामा केला आणि मग विचारलं, पाणी कुठलं.

"त्याच हिरीचं," आई म्हणाली. "दुसरं हाय कुठं?"

शोभा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर पुन्हा आला होता. पाणी सोडलं, लोकांनी भरलं. संध्याकाळी मला पुन्हा तहान लागली. मी पुन्हा तेच प्यालो. सुजाता दारातून माझ्याकडे बघत होती. तिने मला ओळखलं नव्हतं.

अंधार पडायच्या आत आईने आणखी एक गोष्ट सांगितली. शोभा जाण्याच्या पंधरा दिवस आधी दत्ता लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला होता. वहिनी, दादांनी आपली रजा मला दिली, असं तो मोठ्या कौतुकाने शोभाला सांगून गेला. शोभाने त्याला चहा केला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी खण दिला.

"मग काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"काय म्हननार? म्हनली, आत्या, त्येंनी तिकडं जरा इसावा घेतला तर घिऊ द्या. हितं यिऊन पानीच वाहायचं हाय."

दत्ता येऊन गेल्यावर आमचे दोन रविवार झाले होते. दोन्ही वेळा ती फोनवर बोलली. सोसायटीजवळचा कडुलिंब मोहरलाय, वास पार कॅनपाशी येतो, असं सांगितलं. रजेचा विषय एका शब्दाने काढला नाही.

वीस दिवसांनी मी पुन्हा पोस्टवर गेलो. सुजाता आईजवळ राहिली.

आता मी रिटायर होऊन गावात असतो. झेंडावंदनाला शाळेत बोलावतात. मास्तर म्हणतात, तुमच्या शहीद साथीदारांबद्दल मुलांना सांगा. मी सांगतो की त्या पोस्टवर आम्ही तेवीस जण होतो. दोघांची बोटं बर्फाने गेली. बाकी सगळे धडधाकट, आपल्या पायांनी खाली उतरलो. त्या वर्षी ड्यूटी करताना माझं एकच माणूस गेलं. शोभा उत्तम वाघमारे, वय सव्वीस, दूध सोसायटीची टेस्टर. त्या दिवशीचं सगळं दूध तिने मापलं होतं. कॅन सील करून गाडीत चढवले होते. मग ती पाण्याला गेली.