बत्ती नको म्हणणारी बाई

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पुण्यामुंबईची शिकलेली मुलं संगणकाच्या नोकऱ्यांसाठी हैदराबादेत यायला लागली होती. आमच्या काचीगुड्यात वरची खोली भाड्याने मिळेल का विचारत फिरायची. शहरात रोज काहीतरी नवं उघडत होतं, आणि त्याच सुमारास करंटबिलं एकदम चढली. इथे विजेला आम्ही करंटच म्हणतो. चार पिढ्या काढल्यावर मराठी घरातही बत्ती, करंट, परेशान हे शब्द पाहुणे राहत नाहीत.

आमच्या घरी बिल आलं की सासरे चष्मा पुसून पुन्हा बघायचे, "याला सुधारणा म्हणायचं" असं पुटपुटायचे आणि भरून टाकायचे. मी शाळेत शिकवत होते, नवरा सरकारी नोकरीत होता. कुरकुर करून आमचं भागायचं. पण घरी धुण्याला येणाऱ्या बाईने एकदा सांगितलं की अंबरपेठेत, नदीच्या अंगाला असलेल्या तिच्या वस्तीत कित्येक घरांची बत्ती कापून नेलीय. आमच्या महिला मंडळाकडे गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक होते. ठरलं, की ज्यांची बत्ती कापली त्यांची थकलेली बिलं मंडळाने भरायची.

देवळाच्या भिंतीवर तेलुगू, उर्दू आणि मराठीत सूचना लावली आणि मी आणि माझी धाकटी जाऊ दुपारी मंडळाच्या खोलीत बसू लागलो. माणसं आली. पण स्कूटरवरून आली. एक गृहस्थ तर कडक इस्त्रीची पँट घालून आले आणि आपल्या फ्रिजला किती करंट लागतो ते समजावून गेले. वस्तीतलं कुणीच फिरकलं नाही.

"वहिनी, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आपण तीन भाषांत लिहून ठेवलंय," जाऊ म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पायीच अंबरपेठेला निघालो.

वस्तीत शिरताना माझ्या हातात कागदाचं पॅड होतं, जाऊच्या खांद्याला पर्स. गल्लीच्या तोंडाशी एक बाई शेंगा निवडत बसली होती. तिने आम्हाला पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी ओरडली. पुढे जे झालं ते बघून मी जागीच उभी राहिले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं लागत गेली, आणि छपरांवरून भराभर वायरी खाली यायला लागल्या. बांबूच्या टोकाला बांधलेले आकडे खांबावरच्या तारेवरून पटापट उतरत होते. एका छपरावर म्हातारी चढली होती, तिचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि ती उघड्या हाताने वायर ओढत होती. आम्ही वीज खात्यातून धाड घालायला आलोय असं त्यांना वाटलं होतं.

पॅड पर्समध्ये घातलं, शेंगावालीजवळ जमिनीवर बसलो, आम्ही कोण ते सांगितलं. तिचा विश्वास बसायला बराच वेळ गेला. मग मी विचारलं, सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे? तिने पुन्हा शेंगांत मान घातली. पण आमच्या डोळ्यांनी एक घर आधीच हेरलं होतं. गल्लीच्या शेवटी पत्र्याचं घर, आणि त्याच्या छपरावर एकही वायर नव्हती. चोरीची नाही की साधी नाही.

दार उघडंच होतं. आत दिवसाढवळ्या अंधार, आणि घासलेटचा वास. चाळिशीच्या आतली एक बाई खाली बसून मोगऱ्याचे गजरे ओवत होती. कोपऱ्यातल्या बाजेवर तिचा सासरा उघड्या अंगाने पडला होता, पुठ्ठ्याने वारा घेत. मी आमच्या हैदराबादी हिंदीत म्हटलं, "अम्मा, तुम्हारा करंटबिल हम भरते. बत्ती वापस लगाके देते."

तिच्या हातातला गजरा खाली पडला. "नक्को," ती म्हणाली. "बत्ती नक्को मेरेकू."

तिला समजलं नसेल म्हणून मी पुन्हा सांगितलं, पैसे द्यावे लागणार नाहीत. ती उठली आणि दोन्ही हातांनी मला दाराबाहेर ढकललं. खरंच ढकललं. माझी चप्पल उंबऱ्याशी निसटली. "नक्को बोली ना! जाओ! किसकू मारने आए?" ती किंचाळत होती. जाऊने मला सावरलं नसतं तर मी गटारात गेले असते.

आतून पंखा हवा म्हणून म्हाताऱ्याचा आवाज आला, "मेरेकू होना पंखा! मेरेकू होना!" आणि दार लागलं.

शेंगावाली धावत आली आणि आम्हाला बाजूला घेऊन तिने हलक्या आवाजात सांगितलं. या बाईचा नवरा हमाली करायचा. बिल थकलं, बत्ती कापली गेली, म्हाताऱ्याला उकाडा सोसेना, म्हणून मुलानेच खांबावर आकडा टाकला. सगळेच टाकत होते. वायर छपराच्या पत्र्यावर घासत राहिली आणि तिचं आवरण सोलून निघालं. बोनालूच्या, म्हणजे इथल्या आषाढातल्या देवीच्या सणाच्या, आठवड्यात झिमझिम पाऊस होता. त्याने ओली लुंगी छपराखाली वाळत घालायला पत्र्याच्या कडेला हात लावला. बायको आत भात वाढत होती. तिला वाटलं, दारात उभं राहून हा चेष्टा करतोय, नाचतोय.

मी माझ्याच हाताकडे बघत राहिले, कारण ढकलाढकलीत मीही त्याच पत्र्याला धरलं होतं. बिल थकणं म्हणजे अंधारात बसणं, एवढंच मला ठाऊक होतं. अंधारात बसणं कुणालाच जमत नाही आणि मग माणूस काय करतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

तरी आम्ही पुन्हा गेलो. आधी नुसतेच गजरे घ्यायला. बाई गजरे द्यायची, बत्तीचं नाव काढलं की तोंड फिरवायची. बोलायचा तो म्हातारा. "बेटा गया," तो एकदा म्हणाला, "अब मैं गर्मी में मरूं, तो इसकू चैन पडेगा." बाई उसळून म्हणाली, "मामा, तुम्हारे पंखे के वास्ते गया वो!" आणि लगेच तोंडावर हात ठेवला. तेलुगू घरात सून सासऱ्याला मामा म्हणते. मामा भिंतीकडे वळून पडून राहिले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पुढच्या खेपेला ती आपणहून म्हणाली, "बराबर का तार डाले तो नहीं मारता क्या?"

मंडळाने बिल भरलं. आमच्या ओळखीच्या वायरमनने पत्र्याला कुठेही न टेकणारी वायर टाकली, अर्थिंग केलं, लाकडी फळीवर एक बटण बत्तीचं आणि एक पंख्याचं बसवलं. खात्याचा माणूस येऊन मीटर जोडून गेला. बत्ती लागली. मामा बाजेवर उठून बसले. बाई मात्र गल्लीत उभी. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या.

"आओ अब अंदर," मी म्हटलं.

"पत्रे कू हाथ लगाओ," ती म्हणाली. वायरमन हसत पुढे झाला. "इनों नक्को. इनके पांव में रबर है. तुमे बोले ना, कुछ नहीं होता? तुमे लगाओ. चप्पल निकालके. गीला हाथ."

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. मी चप्पल काढली. कुणीतरी तांब्यातून माझ्या हातावर पाणी ओतलं. वायरमन मान हलवत होता, काही होत नाही. मलाही ठाऊक होतं काही होत नाही. वर्गात मुलांना मी हेच शिकवायची. पण हात पत्र्यापासून वीतभर अंतरावर गेला आणि थांबला. तो पुढे जाईना. घरचं सगळं डोळ्यांपुढे आलं. तेव्हा मला त्या बाईची भीती कळली असं म्हणवत नाही, पण तिच्या भीतीला अंग असतं हे कळलं.

"वहिनी, मी लावू?" जाऊ पुटपुटली.

मी डोळे मिटले आणि तळवा टेकवला. पत्रा गरम होता, गंजाने खरखरीत. दुसरं काही नाही.

डोळे उघडले तेव्हा बाई पत्र्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मग ती जवळ आली आणि तिने आपला हात पत्र्यावर नाही, माझ्या हातावर ठेवला. तशीच उभी राहिली. आतमध्ये कुणीतरी पंखा लावला आणि मामा मोठ्याने रडायला लागले.

ती काही लगेच बदलली नाही. बरेच दिवस बटण दाबायला लाटणं वापरायची. पण एकदा आम्ही थकलेली बिलं विचारायला मागच्या गल्लीत निघालो तर ती गजऱ्याची टोपली घेऊन सोबत आली. पहिल्याच दारात तिने वर बोट दाखवून आकडा दाखवला आणि नवऱ्याचं सगळं सांगितलं. हात कसा चिकटला, आवाज कसा आला, लुंगीचा रंग कुठला. एकही आवंढा न गिळता. मी हबकून तिचा दंड धरला, तर तिने माझा हात सोडवला आणि पुढच्या दाराकडे वळली. तिथेही तेच, पहिल्यापासून. आमच्या पाठीमागे वायरी उतरत होत्या, आणि या वेळी त्या आम्हाला बघून उतरत नव्हत्या. दारं उघडून बायका स्वतः बिलं घेऊन यायच्या. तिला दर दारात हे पुन्हा जगावं लागतंय म्हणून मी तिला थांबवू बघायची, तर म्हणायची, "मैं नहीं बोली तो कौन बोलेगा?"

आमचे पैसे वर्षभरात संपले. बिलं काही उतरली नाहीत. आम्ही दोन-तीन संस्थांच्या दारांत गेलो, एकीने काही घरं घेतली. मामा पुढच्या उन्हाळ्यानंतर गेले, म्हातारपणानेच. मग रस्ता रुंद करायचा म्हणून ती गल्लीच उठली आणि लोकांना शहराच्या पार बाहेर खोल्या मिळाल्या.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली, मलकपेठच्या बाजारात, कोथिंबीर निवडताना. थोडी जाड झाली होती. मी विचारलं, नवी खोली कशी आहे? पाणी दूर आहे, बसला तास लागतो, शेजारीण भांडखोर आहे, असं बरंच सांगितलं. निघता निघता थांबली, आणि पहिल्यांदाच मला तिच्या तोंडावर हसू दिसलं.

"मीटर मेरे नाम पे है," ती म्हणाली.