खाटेखालची लाखोली

माझी श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणू नये. ती जरा जास्तच झाली होती, आणि तिचं ओझं माझ्या लेकीच्या छातीवर बसलं होतं. आज हसत सांगते, पण तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.

आमची नंदा नववीत होती. दोन वर्षांपासून तिला दम्याचा त्रास. पावसाळ्यात उसळायचा, मग ओसरायचा. सिद्धेश्वराच्या यात्रेत तिच्या वडिलांनी पिपाणी घेऊन दिली, तर दोनदा फुंकून पोरगी खाली बसली. पिपाणी फळीवर गेली ती गेलीच. तिच्याकडं बघून मला गलबलून यायचं. शेवटी श्रावणात मी सिद्धेश्वराला बोलले, "लेकीचा श्वास मोकळा कर, तुला बेलाची लाखोली वाहीन."

कुंभारी गावात माझ्या भावाच्या शेतात बेलाचं झाड होतं. तिथून पानं यायची. धुऊन, मोजून रोज पाचशे वाहायची. वाहिलेली पानं पायदळी पडू नयेत म्हणून मी ती ओलीच पोत्यात भरत गेले. लाख पुरे झाले की सगळी एकदम नेऊन सोडायची, असा माझाच नेम. पोती ठेवायला जागा कुठली? नंदाच्या खाटेखाली! म्हटलं, देवाचं पान जवळ असलं की लेकीला बरं.

त्या वर्षी पावसाळा सरला, पण दमा काही हटेना. दिवाळीनंतर तर पोरीला वाक्य पुरं बोलता येईना. उशा रचून बसायची, ओठ निळे पडायचे. इंजेक्शनानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, "हिला बुरशी सोसत नाही. घरात ओल कुठं आहे ते शोधा." मी म्हटलं, "सोलापुरात ओल? हंडाभर पाण्यासाठी आम्ही नळावर भांडतो की!" आणि घरी येऊन आणखी दोनशे पानं वाढवली. शहाणपण बघा माझं.

शेजारणीनं सुचवलं, गादीतला कापूस जुना झाला असेल. त्याच दुपारी, बोलावल्यासारखा, गल्लीत एक म्हातारा पिंजारी आला. पूर्वी कधी बघितला नव्हता. गादी उचलायला खोलीत आला आणि पाठोपाठ चार शिंका दिल्या. वाकून म्हणाला, "अम्मा, गादी अच्छी है. नीचे बोरे में क्या रख्खे?"

"देवाचं निर्माल्य आहे ते!" मी फणकारले. "त्यानं कुणाला काय होतंय?"

"मैं हात नै लगाता, तुम्हारे देव का है. तुमीच खोलो."

रागारागात मी पोत्याचं तोंड सोडलं. आत पानं कुठली! हिरवट-पांढरी लव, आणि नाकात जाणारा कुबट वास. धुरळा उडाला तशी दारातली नंदा खोकायला लागली. म्हाताऱ्यानं तिला आधी अंगणात पाठवलं. मग मला हळूच म्हणाला, "देव का बुरा नै, अम्मा. बंद बोरे का बुरा. भीगी रूई बांधके रख्खे तो ऐसाच होता."

साठ हजार पानं झाली होती. आता पोती हलवली तर नवस मोडला, आणि ठेवली तर लेक जाते. मला रडूच फुटलं. अंगणातून नंदा धापा टाकत म्हणाली, "अव्वा, सिद्धेश्वर... तुझ्यासारखा मोजत बसत नसंल गं!" तिचे वडील एरवी माझ्या नेमात कधी पडत नसत, पण ते म्हणाले, "चल, आवर." मी देवासमोर हात जोडले. "बाबा, माझं मोजणं संपलं. पुढचं तू बघ."

सायकलवर पोती घालून ह्यांनी ती कुंभारीला नेली आणि त्याच बेलाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरली. मी खोली धुतली, उन्हात उघडी टाकली, चुना मारला. आठवडाभरात नंदा आडवी होऊन झोपायला लागली. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या, दमा पुरता गेला असंही नाही. पण ओठ पुन्हा निळे पडले नाहीत.

पिंजाऱ्याला सांगावं म्हणून आम्ही बरंच शोधलं, पण तो काही भेटला नाही. तो देव होता असं मी म्हणणार नाही. देव काही चहात तीन चमचे साखर मागत नसेल. पण त्याला त्या दुपारी आमच्याच गल्लीत कुणी वळवलं, एवढं मला कळतं. आता मी रोज एकच पान वाहते आणि मागत काही नाही.

संक्रांतीच्या यात्रेहून आलो, तर फळीवरची पिपाणी नंदाच्या हातात! गाल फुगवून तिनं जी वाजवायला घेतली, ती थांबेचना. शेजारीण कानावर हात ठेवून दारात आली. "अहो, पोरीला आवरा की, लई डोकं उठलं!"

"उठू दे डोकं," मी म्हटलं, आणि पदरानं डोळे पुसत लेकीला म्हटलं, "वाजव गं, आणखी मोठ्यानं वाजव."