खोडलं की शिट्टी

हरणी भागातल्या आमच्या सोसायटीच्या मैदानावर, शाळा सुटल्यावर, एक गृहस्थ मुलांना खो-खो आणि गोष्ट लिहिणं एकदमच शिकवायचे. कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झालेले, गळ्यात शिट्टी. नाव मी कधी विचारलं नाही. मुलं 'काका' म्हणत.

मुलं रांगेत बसत. एकाने धावत जाऊन खांबाजवळच्या वहीत एक वाक्य लिहायचं आणि दुसऱ्याला खो द्यायचा. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, म्हणून लिहिलेलं खोडायचं नाही. खोडलं की शिट्टी.

माझी लेक खोडरबराने कागदाला भोक पाडणारी. तिने घाईत पहिलंच वाक्य लिहिलं, "सगळे मेले." आणि रडवेली झाली.

काका म्हणाले, "कंई वांधो नहीं, काही बिघडत नाही. आमच्या प्लांटच्या लॉगबुकातही खाडाखोड चालत नसे. चूक पुढच्या ओळीत निस्तरायची. दे खो."

पुढच्याने लिहिलं, "तरी शाळा होतीच." त्याच्या पुढचीने मेलेल्यांची हजेरी घेतली. दोघं गैरहजर निघाले. बाकीचे गरब्याला गेले. लेक हसून लोळत होती.

काकांनी माझ्यापुढे फॉर्म धरला. 'पालकांचे मत' याखाली मी 'वेडेपणा' लिहिलं, मग लाजून खोडलं. कानाशी शिट्टी वाजली.

"फाउल. बसा रांगेत."

बँकेच्या कपड्यांत मी मातीत उकिडवा बसलो. मागून पाठीवर थाप पडली.

"खो. बाबा, ऊठ ना," लेक म्हणाली. "मेलेले ताटकळलेत."