उलटी फिरलेली चावी

रेणापूरच्या स्टँडजवळचा सायकल मिस्त्री मला शाळेत जाता-येता भेटायचा. चाक फिरवत तो एकेक तार नखानं छेडायचा, कान लावायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "ढिल्ली हाय, सर. आऊट काढावा लागतोय." त्यानं सरळ केलेलं माझं चाक थोड्याच दिवसांत पुन्हा डुलायला लागायचं. रस्ताच खराब, असं मी मनाला समजावायचो.

एकदा एक दूधवाला नुसती हवा भरायला थांबला आणि समोर चहाला गेला. मिस्त्रीनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्याच्या मागच्या चाकाच्या दोन-तीन तारा चावीनं सैल केल्या. त्या चाकावर दुधाच्या भरल्या कॅना होत्या. मला राहवलं नाही.

"मिस्त्री, काय करून राहिलात? चावी उलटी फिरून राहिली."

त्याचा हात थांबला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"लई ध्यान असतंय तुमचं, सर," तो हसून म्हणाला आणि त्यानं तारा पुन्हा आवळल्या.

तेव्हापासून माझं चाक एकदाही डुललं नाही. दुकानात कितीही गर्दी असो, तो माझीच सायकल आधी घेतो. ती घेऊन निघालो, की मागं थांबलेल्यांच्या चाकांकडं मी वळून वळून बघत राहतो.