पुरुषोत्तमकाकांची तीन मिनिटं

पुरुषोत्तमकाकांना महिन्यातून तीन मिनिटं मिळायची. उरलेला महिना ते त्या तीन मिनिटांची तयारी करायचे, आणि ती तयारी आम्हाला ऐकावी लागायची.

आमचं गाव लंडनजवळच्या वॉटफर्डहून ट्रेनने चार स्टेशनं पुढे. नाव सांगत नाही, कारण कौन्सिल टॅक्स मी अजून तिथेच भरतो. तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेच्या, दरमहाच्या सभेत कुणाही रहिवाशाला उठून तीन मिनिटं प्रश्न विचारायचा हक्क होता. तिथे जन्मलेल्या लोकांना याचा पत्ता नव्हता. काकांनी येऊन सहा आठवडे व्हायच्या आत तो शोधून काढला. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे कौन्सिलला मत देता येतं, हेही मला त्यांनीच सांगितलं. मी पाच वर्षं वर्क परमिटवर राहून फक्त कचऱ्याचे बिन बाहेर ठेवायचे वार पाठ केले होते.

गंमत अशी की काकांनी बत्तीस वर्षं विदर्भातल्या एका नगरपालिकेत हेडक्लार्की केली होती. लोक अर्ज घेऊन त्यांच्या टेबलापुढे ताटकळायचे आणि काका मान वर न करता 'उद्या या' म्हणायचे. रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन मुलगा यतीन आणि सून स्वराली यांच्याकडे राहायला आले, आणि पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले. ज्याचं जळतं त्याला कळतं. काका हक्कांसाठी भांडायला लागले.

एकदा मी त्यांना सभेला गाडीने सोडलं आणि लाजेकाजेस्तव आत बसलो. प्रश्न होता, आमच्या रस्त्यावरच्या बसस्टॉपचा बाक भिंतीकडे तोंड करून का आहे. बस मागून येते, म्हाताऱ्या माणसाने मान किती वेळा वळवायची? तीन मिनिटं झाली की सभेची क्लार्क घंटी वाजवायची, आणि त्या घंटीच्या आत संपवायची सवय व्हावी म्हणून काकांनी अंडं उकडायचा टायमर विकत आणला होता. त्या घरात अंडं कधी शिरलं नाही, पण टायमर जेवणाच्या टेबलावर देवासारखा बसलेला असायचा. बाकाचा प्रश्न त्यांनी ओळीने अकरा महिने विचारला. बाराव्या महिन्यात कौन्सिलने बाक फिरवला आणि काकांना आभाराचं पत्र पाठवलं. ते फ्रेम होऊन हॉलमध्ये लागलं, यतीनच्या लग्नाच्या फोटोच्या जरा वर.

मग २००७ च्या शरदात कौन्सिलने घरोघरी पोस्टाने मतपत्रिका पाठवल्या. दोन प्रश्न. एक, रस्ते आणि लायब्ररीसाठी टॅक्स सहा टक्के वाढवायचा का? दोन, सभेतला वेळ वाचावा म्हणून रहिवाशांनी यापुढे प्रश्न फक्त लेखी पाठवावेत का? दुसरा प्रश्न कुणासाठी काढला होता हे साऱ्या गावाला कळत होतं. काकांना तर अभिमानच वाटला. पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते प्रचाराला लागले. 'दोन्हींना नाही' अशी पत्रकं यतीनच्या प्रिंटरवर निघाली. टॅक्स यतीन भरायचा, पण संताप काकांना यायचा. एकतीस मराठी घरं त्यांनी पायी पालथी घातली. श्यामलाकाकू पत्रकांची पिशवी घेऊन दोन पावलं मागे. प्रत्येक घरी चहा, चिवडा आणि भाषण, की बोलायचा हक्क गेला म्हणजे माणूस जिवंत असून मेल्यात जमा. मराठी माणूस वडीलधाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाही. सगळे म्हणाले, "हो काका, नक्की." काका डायरीत खूण करायचे. माझ्या बायकोने काकूंना सहज विचारलं, तुम्हाला काय वाटतं? उत्तर काकांनी दिलं, की तिचं आणि माझं एकच मत असतं. काकू चिवड्यातले दाणे वेचत राहिल्या.

मीही "नक्की" म्हणालो होतो. टॅक्सपुढे 'नाही' करताना हात जराही अडखळला नाही. दुसऱ्या प्रश्नाशी आलो तेव्हा मला तो बाक आठवला, अकरा महिने आठवले, आणि मी 'हो'वर खूण करून पाकीट चिकटवलं.

निकाल आला. टॅक्सची वाढ सपशेल पडली आणि काकांची तीन मिनिटं गेली. खिशाला हात लागला की माणूस ताडकन उठतो, तोंडावर हात ठेवला तर जांभई देतो.

शनिवारी दुपारी मी भेटायला गेलो. कुणी गेल्यावर जातात तसाच गेलो, संत्री घेऊन. काका टेबलाशी डायरी उघडून बसले होते. एकतीस घरं, एकतीस खुणा.

"तू सांग," ते म्हणाले, "फुटलं कोण?"

मी चहाच्या कपात बघत राहिलो. माझं मत मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

"मी फुटले," स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या. "दुसऱ्यावर 'हो' लिहिलं मी."

काकांनी चष्मा काढला. काकू पदराला हात पुसत आल्या, समोर बसल्या, टायमर जवळ ओढला आणि तीनवर फिरवला.

"आता मी बोलणार आहे. घंटी होईपर्यंत तुम्ही बोलायचं नाही."

मी उठायला लागलो, पण काकूंनी हातानेच बस म्हणून खूण केली. त्यांना साक्षीदार हवा असावा.

"तो बाक माझा होता," त्या म्हणाल्या. "यतीन-स्वराली सातला जातात, तुम्ही लायब्ररीत. घरात भिंती खायला उठतात. म्हणून मी स्टॉपवर जाऊन बसते. बस घेत नाही, नुसती बसते. एखादी बाई हॅलो म्हणते, बरं वाटतं. तिथेही भिंतच समोर यायची, म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही साऱ्या कौन्सिलला सांगितलंत. पण मी तिथे रोज का बसते, ते एकदाही विचारलं नाहीत."

टायमर टिकटिकत होता.

"एकतीस घरी तुमच्यामागे हिंडले. बोलायचा हक्क, बोलायचा हक्क. प्रत्येक घरी वाटलं, आपल्या घराची बेल वाजवायची राहिली. म्हटलं, तिथलं बोलणं बंद झालं तर इथे तरी सुरू होईल. मला इथे करमत नाही हो. दोन वर्षं सांगीन सांगीन म्हणते आहे. मला परत घरी—"

टायमर वाजला.

काकू सवयीने थांबल्या. त्यांनी मान खाली घातली आणि टेबलावरची संत्री उगाचच सारखी करून ठेवली.

काकांनी हात पुढे केला, टायमर उचलला आणि मागच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

"बोल," ते म्हणाले. "घरी काय?"